हिरवा ठिपका आणि ‘डार्क’ एवढ्यावर भरवसा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा पोरांसाठी चॉकलेटची पिशवी असतेच. शाळेत वाढदिवसाला चॉकलेट, झेंडावंदनाला चॉकलेट आणि हल्ली नैवेद्यालाही चॉकलेटचे मोदक. ज्या घरात एखाद्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, तिथे अशा वेळी हमखास दोन सल्ले मिळतात. एक, “डार्क द्या, त्यात दूध नसते.” दुसरा, “हिरवा ठिपका आहे, बिनधास्त द्या.” सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण दोन्हीवर विसंबणे जिवावर बेतू शकते.

हिरवा ठिपका फक्त पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. आपल्याकडे दूध, तूप, खवा शाकाहारीच धरतात. त्यामुळे नखशिखांत दुधाच्या चॉकलेटवरही तोच ठिपका असतो. 2022 च्या नियमांनुसार व्हीगन (म्हणजे दुधासकट कोणताही प्राणिजन्य घटक न घातलेल्या) पदार्थांसाठी वेगळे चिन्ह आले आहे : हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि त्याला फुटलेले पान. ते असेल तर दुधाचा घटक मुद्दाम घातलेला नाही एवढे नक्की. मात्र व्हीगन चॉकलेटच्याच मागच्या बाजूला ‘मे कंटेन मिल्क’ (दूध असू शकते) छापलेले आढळते. चिन्ह बघून थांबू नये, पाकीट उलटावे.

त्याआधी आपल्या घरातला त्रास नेमका कोणता, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज न पचणे आणि दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणे यांत फार अंतर आहे. लॅक्टोज न पचणाऱ्याला पोट फुगणे, मुरडा, जुलाब असा त्रास होतो आणि तो खाल्लेल्या मात्रेवर ठरतो. 250 मिली दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असते. जेवणाबरोबर तेवढेसुद्धा अनेकांना सोसते. डार्क चॉकलेटमधला दुधाचा अंश अशा माणसाला सहसा बाधत नाही. अ‍ॅलर्जीत मात्र केसिन आणि व्हे या प्रथिनांचा कणही काहींना पुरतो. भाजल्याने किंवा वितळवल्याने केसिन नाहीसे होत नाही. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात ही प्रथिने जशीच्या तशी असतात, आणि म्हशीचे किंवा शेळीचे दूध हाही पर्याय नव्हे. चॉकलेट खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि जोडीला उलटी, खोकला किंवा श्वासात घरघर सुरू झाली, तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नये. रुग्णाला आडवे ठेवावे (धाप लागली असेल तर टेकून बसवावे), चालवू नये, लगेच 108 ला फोन करावा. त्यावर खरा इलाज अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. वाडीपासून ते मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

आता पाकिटावर काय वाचायचे ते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल-नियमांनुसार दूध हा जाहीर करावाच लागणारा अ‍ॅलर्जीकारक घटक आहे. घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. त्यात ‘मिल्क’ असेल तर पुढे वाचायची गरज नाही. नसेल तर मग पूर्ण यादी वाचावी, कारण दूध अनेक नावांनी येते : मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे पावडर, सोडियम केसिनेट, लॅक्टोज. याउलट काही नावांना उगाच घाबरले जाते. कोको बटर ही कोकोच्या बियांतली चरबी, दुधाशी तिचा संबंध नाही. यादीतला 322 हा क्रमांक म्हणजे लेसिथिन, मिश्रण एकजीव ठेवणारे द्रव्य, ते बहुधा सोयाबीनचे असते. 476 हे तसलेच द्रव्य एरंडेलापासून बनते. ‘70 टक्के’ हा आकडा कोकोचा आहे. उरलेल्या 30 टक्क्यांत नुसती साखर आहे की दुधाची भुकटीही आहे, हे त्यावरून कळत नाही. 50-55 टक्क्यांच्या पुष्कळ ‘डार्क’ वड्यांत चव मऊ करण्यासाठी दूध घातलेले असते.

यादीत दूध नसूनही चॉकलेटात दूध सापडते, आणि यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दुधाचे आणि डार्क चॉकलेट बहुतेक कारखान्यांत एकाच यंत्रसाखळीवर बनते. कोको, साखर, भुकटी रोलरखाली इतके बारीक दळतात की जिभेला कण लागत नाही, मग ते मिश्रण तासन्‌तास घोटतात. हे रोलर, टाक्या, पाइप पाण्याने धुता येत नाहीत. पाण्याचे चार थेंब राहिले तरी पुढचे चॉकलेट आटून गोळा होते, शिवाय सांध्यात राहिलेल्या ओलीत जंतू वाढतात. म्हणून दुधाच्या चॉकलेटनंतर डार्क घ्यायचे असेल तर पाइपांमधून कोको बटर किंवा थोडे डार्क चॉकलेटच फिरवून आधीचा माल ढकलून काढतात. कोपऱ्यात चिकटलेले दूध मग थोडेथोडे पुढच्या मालात उतरत राहते, तेही सारखे नाही. सुरुवातीच्या वड्यांत जास्त, नंतरच्यांत कमी, मध्येच एखाद्या वडीत खपली सुटून भलतेच जास्त. त्यामुळे ‘मागच्या वेळी खाल्ले, काही झाले नाही’ हा पुरावा धरता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत डार्क चॉकलेटच्या 94 वड्या होत्या. घटकांच्या यादीत दूध नव्हते अशा 88 पैकी 51 वड्यांत दूध निघाले. काहींत ते यादीत दूध लिहिलेल्या वड्यांइतके होते.

ज्यांना खरी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी म्हणूनच ‘मे कंटेन मिल्क’ असलेले चॉकलेट सरळ बाजूला ठेवावे. ही ओळ कंपनी स्वतःची कातडी वाचवायला छापते असा समज आहे, तो सोडून द्यावा. ओळ नसेल आणि उत्पादक नवा असेल, तर पाकिटावरच्या ग्राहक-सेवेच्या पत्त्यावर ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात : याच यंत्रांवर दुधाचे चॉकलेट बनते का, दोन मालांच्या मध्ये सफाई कशी करता, आणि तयार वडीत दुधाचे प्रथिन तपासता का, किती पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग). “आमचे चॉकलेट डेअरी-फ्री आहे” एवढेच उत्तर आले तर ते उत्तर नव्हे. ज्यांच्याकडे दूध आवारातच येत नाही, ते तसे आपणहून लिहून देतात. मिळालेले उत्तर जपून ठेवावे, तरी दर खेपेला नवे पाकीट नव्याने वाचावे, कारण घटक न सांगता बदलतात.

कोकणात हल्ली घरोघरी चॉकलेटचा व्यवसाय चालतो. चिपळूण, रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत भगिनी उत्तम माल करतात. त्यांना कळकळीची विनंती आहे. बाजारातली डार्क कंपाउंडची लादी कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची असते, म्हणून ती बिनदुधाची ठरत नाही. लादीच्या वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’ आहे का, ते पाहावे. डार्क आणि मिल्क एकाच पातेल्यात, एकाच चमच्याने, त्याच सिलिकॉन साच्यांत केले तर डार्कमध्ये दूध गेलेच म्हणून समजा. सिलिकॉनला चरबी धरून राहते. बिनदुधाच्या मालासाठी वेगळ्या रंगाचे साचे, वेगळा चमचा, वेगळे पातेले ठेवावे आणि सकाळी आधी तो माल काढून बंद करून मग दुधाचा घ्यावा. आत घालायच्या बटरस्कॉच, वेफर, बिस्किटाच्या चुऱ्यातही दूध असते. ‘नॉन-डेअरी’ व्हिपिंग क्रीम आणि नारळाच्या दुधाची तयार पावडर यांत अनेकदा सोडियम केसिनेट असते, आणि ते दुधाचेच प्रथिन आहे. घरी नारळ खवून रस काढणाऱ्यांना ही भीती नाही. एवढे सगळे जमत नसेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. खोटा दिलासा देण्यापेक्षा ‘आमच्याकडे दूध वापरतात’ अशी चिठ्ठी पाकिटावर चिकटवलेली केव्हाही चांगली.

विकतचे मिळत नसेल तर घरी करता येते, आणि त्यासाठी लागणारी चरबी आपल्या परसातच आहे. कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल, थंडीत भेगांना लावतो तेच. युरोपीय संघाने चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत चालतील अशा ज्या सहा वनस्पती चरबींना 2000 साली मान्यता दिली, त्यांत कोकम आणि आंब्याची कोय दोन्ही आहेत. खाण्यासाठी म्हणून पॅक केलेले, परवाना क्रमांक असलेले कोकम तेलच घ्यावे, पायाला लावायचे गोळे नकोत. कोकम तेल 55 ग्रॅम, खोबरेल 15 ग्रॅम, नुसती कोको पावडर 50 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, चिमूट मीठ. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ची पावडर चालणार नाही, तिच्यात साखर आणि बऱ्याचदा दूधही असते. साखर मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळावी. दोन्ही तेले गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून खाली उतरवावीत, मग चाळलेली कोको आणि साखर थोडीथोडी घालून दहा मिनिटे घोटावे, साच्यात ओतून फ्रिजमध्ये घट्ट करावे. वाफेचा थेंबही आत पडता कामा नये. पावसाळ्यात पिठीसाखर ओलावा धरते, तेव्हा ती दळल्या दळल्या वापरावी, नाहीतर मिश्रण फाटल्यासारखे होते. नुसत्या कोकम तेलाची वडी तोंडात मेणचट लागते, कारण ते अंगाच्या उष्णतेला नीट वितळत नाही, म्हणून खोबरेलाची जोड. खोबरेल फार वाढवले तर वडी बाहेर काढल्याबरोबर मऊ पडते.

विकतचे चॉकलेट ऑनलाइन मागवायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवावे, एप्रिल-मेमध्ये ते वाटेतच वितळते. हवाबंद डब्यात घालून ठेवावे. वर पांढरट साय आल्यासारखी दिसली तर ती बहुतेकदा वितळून पुन्हा घट्ट झालेली कोकोचीच चरबी असते, दूध नव्हे.

शेवटी दुकानदार आणि शिक्षकांसाठी. 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनावर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही, ती मोठ्या पाकिटावर असते. दुकानदार पाकीट फोडून गोळ्या बरणीत ओततात आणि पाकीट टाकून देतात. मग एका गोळीवरून आईला काहीच वाचता येत नाही. पाकिटाचा यादीचा भाग कापून बरणीला आतून चिकटवावा. बरणीतला माल बदलला की कागदही बदलावा आणि बरणी धुऊन कोरडी करून मगच भरावी. वर्गात गोळ्या वाटण्याआधी शिक्षकांनी पाकीट मागावे, ते नसेल तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरून आलेला त्याचा वेगळा डबा कपाटात असावा आणि त्यातलेच त्याला द्यावे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)