बोटुकल्या किती ते कळलं, पण कुठल्या नदीच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक फोटो ठरलेला असतो. घोट्याएवढ्या पाण्यात पाहुणे, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि खाली ओळ : अमुक हजार मत्स्यबीज सोडले. मत्स्यबीज म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, आम्ही त्यांना बोटुकल्या म्हणतो. रोहू-कटल्याचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. तो धरणातला धंदा आहे, सोडायचं आणि वाढलं की काढायचं. पण आता या पिशव्यांत महासीर हा नदीतला मासा, म्हणजे आमच्या मावळातली खडशीही दिसू लागली, म्हणून लिहितो.

मी एका मत्स्यबीज केंद्रात अठ्ठावीस वर्षं कामाला होतो. साहेब नव्हे, हौदावरचा माणूस. कटल्याची अंडी पाण्यात तरंगत फिरतात. गोल हौदात पाणी फिरवत ठेवलं की लाखांनी पिल्लं मिळतात. खडशीचं तसं नाही. तिची अंडी जड, तळाशी बसणारी आणि मोजकी. जुलै-ऑगस्टात मादी पिकली की पोटावरून हलका हात फिरवायचा, अंडी कोरड्या ताटात घ्यायची, ज्वारीच्या दाण्याहून लहान, सोनेरी पिवळी. त्यावर नराचं पांढरं पाणी घ्यायचं आणि पिसाने हलवायचं. पीसच हवं, बोट नको. मग धुऊन ट्रेमध्ये एका थराने पसरायची आणि वरून वाहतं पाणी ठेवायचं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते ड्रॉपरने उचललं नाही तर बुरशी शेजारच्यांनाही घेऊन जाते. तीन-चार दिवसांनी पिल्लं फुटतात, पण पोहत नाहीत. उजेड चुकवून ट्रेच्या कोपऱ्यात ढीग करून पडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, सगळी मेली. ट्रे ओतायलाच निघालो होतो.

हे तंत्र इथलंच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी ते बसवलं, आणि तिथली पिल्लं देशभर गेली. मासाही इथलाच. 1839 साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात तो शोधून दाखवावा.

मात्र ‘देशभर गेली’ हे सांगताना पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. लोणावळ्याची पिल्लं कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, गळाला लागला तर माणसाला ओढून नेणारा. वर्षं गेली तसा गळाला आपला मासा जास्त आणि तिथला कमी लागू लागला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच. पण 2018 साली तिथल्या माशाची नेमकी ओळख पटली तोवर तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याच्या अवस्थेला आला होता. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आमच्याकडे म्हणतात ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

तीच चूक आपण घाटाच्या दोन बाजूंना करू शकतो. इंद्रायणीचं पाणी भीमेला आणि पुढे कृष्णेला जातं. महाडजवळ वाळणकोंडीत, म्हणजे नदीतल्या डोहात, काळ नदीचा महासीर लोकांनी देवीचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, ते पाणी सावित्रीतून अरबी समुद्राला जातं. मधे अख्खा सह्याद्री. तिकडे इकडची पिल्लं सोडली तर फोटो छान येईल, पण त्या कोंडीतलं वाण कायमचं भेसळ होईल. ज्या नदीत सोडायचं तिचेच नर-माद्या हवेत, आणि तेही भरपूर. चार माद्यांची हजारो पिल्लं म्हणजे सगळी सख्खी भावंडंच. केंद्रात त्यांची वही हवी : कुठून धरली, कुठल्या वर्षी, पिल्लं कुठे गेली. आमच्या केंद्रात वही होती, पण तिच्यात फक्त नगांचा आकडा लिहायचा रकाना होता.

आणि सोडण्याची रीत. एका समारंभात आम्ही पिशव्या सकाळी नऊला नदीच्या घाटावर नेल्या. पाहुणे साडेअकराला आले, मग सत्कार झाले. पिशवी आधी नदीच्या पाण्यावर ठेवून गारवा सारखा करून घ्यायचा असतो, मग थोडं थोडं पाणी आत घेऊन तोंड मोकळं करायचं. त्या दिवशी कॅमेऱ्यासाठी वरूनच ओतल्या. निम्म्याहून जास्त बोटुकल्या पोट वर करून वाहत गेल्या. मी तसं म्हणालो तर उत्तर आलं, ‘सावरतील पाण्यात.’ कागदावर मात्र सगळ्याच सोडल्या गेल्या.

आंतरराष्ट्रीय यादीत आपली खडशी आता धोक्याबाहेर दाखवली आहे, आणि त्यात केंद्रांच्या कामाचा वाटा सांगितला जातो. असेलही. पण सोडलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती उरल्या, हे बघायला मला माझ्या नोकरीत एकदाही कोणी नदीवर पाठवलं नाही.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या पावसाळ्यात तो फोटो छापताना वार्ताहराला दोन प्रश्न विचारायला सांगा : यांचे आईबाप कुठल्या नदीचे, आणि गेल्या वर्षीच्या किती जगल्या? उत्तर आलं तर फोटोखाली छापा. नाही आलं तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, मावळ