नदीखोऱ्यातील खडीच्या वाटेवरील सायकलफेरीबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, नदीखोऱ्यातील आगामी फेरी वाहनमुक्त खडीच्या वाटेने होणार असल्याने प्रत्येकाने सायकलचे टायर आधी तपासून घ्यावेत. साधारण ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर अशा वाटेस योग्य ठरतात. त्यांत डांबरी रस्त्यापेक्षा कमी हवा ठेवावी, म्हणजे पकड वाढते आणि हातांना बसणारे हादरे कमी होतात. मात्र हवा फारच कमी केल्यास दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होते, याचे भान असावे.

सुट्या खडीवर वळताना पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. वेग वळणापूर्वीच कमी करावा. पूर ओसरल्यावर सखल काठावर साचलेला गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत निसरडा असू शकतो, म्हणून तेथे सायकल हाताने न्यावी. निरभ्र दिवशी दुपारी खोऱ्यात बहुधा उगमाच्या दिशेने वारा वाहतो, त्यामुळे प्रवाहासोबतचा परतीचा उतारही दमवणारा ठरू शकतो. पाणी व शक्ती त्यासाठी राखून ठेवावी.

ही वाट पायी चालणाऱ्यांचीही आहे, आणि आम्हांला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते: त्यांच्या मागून येताना घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि त्यांनी वाट दिल्यावरच पुढे जावे.