पोक्सोच्या केसमधला सपोर्ट पर्सन नक्की असतो कुठे? मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

ताई, नमस्कार.

पत्र थोडं लांबलंय पण विचारायचं एकच आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या केसमध्ये मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबतीला सपोर्ट पर्सन द्यायचा असं नियमात लिहिलंय, तो प्रत्यक्षात असतो कुठे?

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची केस चालू आहे. नाव-गाव काही सांगत नाही, कायद्यानेच सांगता येत नाही आणि ते बरोबरच आहे. आई धुणीभांडी करते, बाप सेंट्रिंगच्या कामावर. मी ब्लाउज शिवते, कायद्याशी माझा काडीचा संबंध नाही, पण मला फॉर्म वाचता येतो आणि साहेबांसमोर बोलायला भीती वाटत नाही म्हणून त्या मला सोबत नेतात. आईकडे साडीच्या दुकानाची एक पिशवी आहे, त्यात एफआयआरची कॉपी, मुलीचा जन्मदाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स, मेडिकलचे कागद, सगळं कोंबलेलं. जाऊ तिथे कागदांचा नवा सेट द्यायचा आणि वर परत पहिल्यापासून सांगायचं काय झालं ते. पोलीस झाले, डॉक्टर झाले, बालकल्याण समिती झाली, मॅजिस्ट्रेट झाले, मग सरकारी वकील. आता कुणी विचारलं की पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसते, आई बोलायला लागली की समोरून येतं "तुम्ही थांबा हो, तिला बोलू द्या".

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या घरचे समोरच्याच बाकड्यावर. आत साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये अशी सोय कायद्यात आहे, पडद्याआडून किंवा व्हिडिओवर साक्ष घेता येते, छान आहे, पण पुकारा होईपर्यंत बाहेर बसायचं त्याचं काय? त्यांच्यातली एक बाई उठून आली आणि अगदी गोड बोलून गेली, मुलीची जात आहे, उद्या लग्न करायचंय ना, कशाला ताणताय, मिटवून टाका. आईने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी काय बोलायचं, कुणाला कळवायचं, हे मला कुठं माहितीये? मी पोरीला पाणी प्यायला घेऊन गेले, एवढंच सुचलं. आणि सगळं होऊन मिळाली काय तर पुढची तारीख, दोघांचा खाडा पडला तो वेगळाच.

नंतर मी नियम शोधून वाचले. कायदा 2012 चा, नियम 2020 चे. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं, समितीने सपोर्ट पर्सन द्यायचा, त्याने तपासात आणि खटल्यात सोबत राहायचं, केस कुठपर्यंत आली ते घरच्यांना सांगायचं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा लोकांची यादी ठेवायची आणि त्यांचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको, इतकं स्पष्ट लिहिलंय. ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की ही गोष्ट पालकांच्या मर्जीवर सोडायची नाही, सपोर्ट पर्सन द्यायचाच. या कुटुंबाला मात्र हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून कळला आणि मला मोबाईलवरून.

तुमचं खातं काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. अत्याचार झालेल्या बायका-मुलांना पैशाची मदत देणारी मनोधैर्य योजना महाराष्ट्राने 2013 लाच आणली, 2017 मध्ये रक्कम 10 लाखांपर्यंत नेली, अशा बायकांना एकाच जागी मदत मिळावी म्हणून वन स्टॉप सेंटर आहेत, मुलांसाठी 1098 हेल्पलाईन आहे. पण मनोधैर्यचं प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातं आणि मंजूर रकमेतला बराचसा भाग मुदत ठेवीत जातो, मुलीच्या भविष्यासाठी ते ठीकच आहे, पण उद्याच्या रिक्षाचं काय? त्यासाठीही नियम आहे बरं का! जेवणखाण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीने शिफारस केली की आठवड्याच्या आत पैसे द्यायचे. मग ती शिफारस करा म्हणून समितीला सांगायचं कुणी? ज्या बाईला समिती म्हणजे काय तेच माहीत नाही तिने?

बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर 2024 च्या ऑगस्टमध्ये लोक रेल्वे रुळावर उतरले तेव्हा सगळ्यांना कळलं की तक्रार द्यायलाच पालकांना किती तास थांबावं लागलं. तिथे कॅमेरे पोचले, मंत्री पोचले. आमच्या वस्तीत कोण येणार आहे.

म्हणून मागणं असं आहे की प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये लोकांना दिसेल अशा जागी त्या भागातल्या सपोर्ट पर्सनची यादी लावा आणि एफआयआरची कॉपी देतानाच एक कागद हातात द्या, साध्या मराठीत, तुमच्यासोबत कोण येणार आणि त्यांचा नंबर काय. जिथे माणसं कमी आहेत तिथे तालुक्यातल्याच बायका-पुरुष निवडून ट्रेनिंग द्या, मानधन आणि प्रवासभत्ता दर महिन्याला द्या. कृपा करून हे काम आशाताईंच्या नाहीतर अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात मारू नका, त्यांच्याकडे आधीच कसलं कसलं रजिस्टर आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, आणि वस्तीतल्या वस्तीत तोंड उघडायला लोक घाबरतात तेही आहेच.

आणि एक आकडा जाहीर करा. कुठल्या जिल्ह्यात पोक्सोच्या किती केसेस चालू आहेत आणि त्यातल्या कितीमध्ये सपोर्ट पर्सन नेमलाय, दर तीन महिन्यांनी, खात्याच्या वेबसाईटवर. यात कुणाचं नाव उघड होत नाही. पुढच्या अधिवेशनाआधी पहिली यादी टाकलीत तर बरं होईल.

आपली,
वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई
(माझं नाव दिलं तर मुलगी कोण ते लगेच कळेल, म्हणून दिलेलं नाही.)