नाव नाही छापलं, बाकी सगळं छापलं

संपादक महोदय,
2020 च्या एप्रिलमधली गोष्ट, आमच्या गिरगावातल्या चाळीतल्या एका काकांना कोरोना झाला म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स न्यायला आली आणि तिच्यामागोमाग कॅमेरावालेपण. बातमीत नाव नव्हतं हे खरं, पण चाळ, मजला, वय आणि कुठल्या खात्यात नोकरी हे सगळं होतं, मग राहिलं काय? रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला. काका पंधरा दिवसांत बरे होऊन आले, काकूंना मात्र नळावर कोणी नीट बोलेना, दूधवालासुद्धा जिन्यातच पिशवी टाकून पळायचा (तोच दूधवाला आता गप्पा मारत बसतो म्हणा).

साथीची बातमी द्यायलाच हवी, कुठल्या वॉर्डात किती पेशंट, ताप आला तर कुठे जायचं, हे आम्हाला पाहिजेच. त्यासाठी कोणाचं दार कशाला दाखवायचं? एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा आहे, पेशंटच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. साथीसाठी आपण अजून 1897 चा, प्लेगच्या वेळचा कायदा काढतो आणि त्यात पेशंटच्या प्रायव्हसीचं काहीच नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकाने तर नंतर ताप चार दिवस लपवला, टीव्हीवर यायला नको म्हणून.

- एक वाचक, गिरगाव