विषय : तळमजल्याची खोली ठरवून माडी दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
मुक्काम : सोलापूरचा वाडा, १२ ते १४ जानेवारी २०२५

महोदय,

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आईला घेऊन दोन रात्री तुमच्या वाड्यात उतरलो. आई ७८ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. म्हणून डिसेंबरातच फोन करून वाड्यातल्या चौकाला लागून असलेली खोली मागितली होती. पावतीवर 'तळमजला' असं स्पष्ट छापलंय. प्रत सोबत जोडली आहे.

पोचलो तर ती खोली दुसऱ्यांना दिलेली. आम्हाला माडी. जिना भिंतीतला, जेमतेम एका माणसापुरता, पायऱ्या वीतभर उंच, धरायला वरून सोडलेला दोर. आई एकेक पायरी बसत चढली आणि दुसऱ्या दिवशी खाली यायला काही तयार होईना. सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्यात टाकायला गाठीला बांधून आणलेल्या अक्षता तिने माझ्या रुमालात ओतल्या. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यापाशी आले ते तिने मोबाइलवर पाहिलं, देवळापासून दहा मिनिटांवर बसून.

रात्री कडीपाटातून, म्हणजे छताच्या लाकडी फळ्यांतून, अंथरुणावर माती पडत होती. मॅनेजरचं उत्तर, "जुना वाडा आहे साहेब, चालायचंच." माझं लहानपण मामांच्या वाड्यात गेलंय. पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती घालायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, ही दरसालची कामं. ती केली नाहीत तर दोष वाड्याच्या वयाचा नाही.

जाहिरातीत सोलापुरी न्याहारी होती. ताटात ब्रेड आणि जॅमची पुडी. शेंगाचटणी मागितली तर म्हणाले, संपली. सोलापुरात!

पहाटे न सांगता पाणी तापवून देणाऱ्या मावशींना मात्र यात ओढू नका. वाड्यात पाहुण्याची आठवण ठेवणाऱ्या त्या एकट्याच.

तळमजल्याचा दर घेऊन माडी दिलीत, तेव्हा दोन्ही रात्रींच्या दरातला फरक आणि न्याहारीचे पैसे १५ दिवसांत परत करावेत, उत्तर लेखी द्यावं. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

आणखी एक. तुमच्या संकेतस्थळावर चौकाचे आठ फोटो आहेत, जिन्याचा एकही नाही. तो टाका.

आपला,
(नाव व मोबाइल क्रमांक पावतीवर आहेच)