रायफल क्लबात पोरं का येत नाहीत?

संपादक साहेब, रविवारच्या अंकात आपल्या भागातल्या रायफल क्लबचे मेंबर कमी होत चाललेत ही बातमी वाचली, पण 'तरुणांना आवडच नाही' हे काही पटलं नाही. आवड आहे हो, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकात राधानगरीकडच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मेडल घेतलं तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं मोबाईलला चिकटून बसलेली, आणि कोल्हापूर इथून लांब तरी किती! अडतंय ते खर्चावर आणि घरच्यांच्या भीतीवर. 10 मीटरवर नेम धरायच्या, हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या एअर रायफलला, म्हणजे छऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आत आणि नळीचं भोक .177 इंच असलेलीला, लायसन लागत नाही हेच कित्येक पालकांना माहीत नाही, बंदूक म्हटलं की त्यांना पोलीस स्टेशनच आठवतं. क्लबनं दोन-तीन रायफली शाळेतल्या पोरांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, मेंबरशिपची फी नंतर घ्या.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव