खिडकीतल्या बाटल्या

कराड, मंगळवार रात्र

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला दोन दिवस झाले. रागावून ठेवलास आणि तुझा राग बरोबरच होता. "आई, तू माझ्याकडे बघतेस की माझ्या मागे?" असं विचारलंस. मी मागेच बघत होते. खिडकीत बिअरच्या सहा बाटल्या होत्या, मी मोजल्या. त्या रूममेटच्या आहेत, मशीनमध्ये टाकून बाटलीमागे 8 सेंट परत घ्यायचे राहून गेलेत, असं तू सांगितलंस. मला पटलंही. तरी मी दुसऱ्यांदा विचारलं, तिथे चुकलं माझं. पत्रात त्या बाटल्यांचा विषय काढायचाच नाही असं ठरवून बसले होते, आणि सुरुवातच त्यांच्यापासून झाली.

फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहिते आहे. बाबा फोटो काढून पाठवतील.

चिनू, मला बघायची सवय कधीच नव्हती, ऐकायची होती. तू रात्री आलास की कुलपाशी किल्ली किती वेळ खुडबुडते त्यावरून मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचे. एका झटक्यात फिरली तर कूस बदलून झोपायचे. दोनदा घसरली की उठायचे, बाबांना जाग येऊ नये म्हणून त्यांच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. गोट्यामामा लॅच बसवून देतो म्हणाला होता, मी बसवू दिलं नाही. का ते त्याला कधी सांगितलं नाही.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले 35 दिवस पुरे करून तू घरी आलास, आणि आठवड्याभराने पहिल्यांदा एकटा बाहेर गेलास. संध्याकाळी सात वाजता मी मेथी निवडत बसले होते. किल्ली एकदाच वाजली. मी मान वर केली नाही, आणि तुला वाटलं मी चिडले आहे. डोळे भरले होते रे. तू शेजारी बसलास, अर्धी जुडी ओढून घेतलीस आणि निम्म्या काड्या भाजीत टाकल्यास. ती भाजी तशीच केली मी.

स्टुटगार्टच्या दाराची किल्ली मला ऐकू येत नाही. म्हणून खिडकीत बघते.

ऑक्टोबरच्या शेवटी तुमची घड्याळं मागे गेली आणि साडेतीन तासांचा फरक साडेचारचा झाला. तू सहाला सुटतोस तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात. तुझ्याकडे अंधार पडून तास उलटलेला असतो. कामावरून सुटल्यावर घ्यायच्या बिअरला तिथे वेगळा शब्दच आहे, तूच सांगितलंस. भूक, राग, एकटेपणा, थकवा, ही चार माणसं एकदम दारात आली की सावध राहायचं, असं फॉलोअपला ताई सांगायच्या. संध्याकाळी सहाला ह्यातली तीन तरी तुझ्याबरोबर ट्राममध्ये चढत असतील. रविवारी चौथं मी पाठवलं.

आता नाताळचे बाजार लागतील. ऑफिसची मंडळी नेतील, हातात गरम मग देतील. ती ग्लूवाइन. शुभांगी सांगत होती की दालचिनी-लवंगेचा वास येतो, अगदी आपल्या काढ्यासारखा. मला त्याचीच भीती वाटते. दारूचा वास आला तर तू मागे सरशील, पण घरचा वास आला तर? मुलांसाठी किंडरपुन्श मिळतं, त्यात दारू नसते, ते घे, पण तेही विचारून घे. आणि अल्कोहोलफ्री बिअरच्या नादी लागू नकोस. तिच्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं तिथे, आणि टक्का अर्धा असला तरी चव पूर्ण आठवते. खोकल्याचं औषध घेताना, केक खाताना "ओने आल्कोहोल?", दारू नाही ना, म्हणून विचारायचं. कुणी आग्रह केला तर गोळ्या चालू आहेत वगैरे सांगत बसू नकोस. मी पीत नाही म्हणायचं, आणि विषय बदलायचा. रूममेटलाही सांग की बाटल्या तुझ्या खोलीत ठेव. अर्धं भाडं तू भरतोस.

पुरे. "ओने आल्कोहोल" तूच मला शिकवलंस आणि मी तुलाच शिकवते आहे. माफ कर. हा आजार मधुमेहासारखा आहे, पथ्य ज्याचं त्यानेच पाळायचं, हे फॅमिली मिटिंगमध्ये मीच नव्या बायकांना सांगते. माझ्यावर वेळ आली की बाटल्या मोजते.

व्यसनमुक्तीच्या गुरुवारच्या मिटिंगला तू चाळीस मिनिटं प्रवास करून जातोस हे बाबा सगळ्यांना सांगतात. कसली मिटिंग ते सांगत नाहीत, नुसतं "वक्तशीर आहे" म्हणतात. इंग्रजीत शेअरिंग करताना जीभ अडत नाही पण मन हलकं होत नाही, असं तू म्हणाला होतास. मग मराठी ऑनलाइन मिटिंगला बसत जा. पुण्याच्या काकांना फोन कर. आणि पाय घसरलाच... हे वाक्य मी एकदा खोडलं होतं, पुन्हा लिहिते. पाय घसरलाच, तर त्याच रात्री काकांना सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल. पण ते मनात ठेवून एकटा झोपू नकोस.

फ्रिजवर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच आहे, "डेअर क्यूलश्रांक", जर्मनमध्ये फ्रिज. हात थरथरत होते तेव्हाचं अक्षर आहे ते. त्याच हातांनी तू जर्मनची बी वनची परीक्षा दिलीस. कामवाल्या मावशी परवा चिठ्ठी काढायला निघाल्या होत्या, मी ओरडलेच त्यांच्यावर.

शुभांगीच्या सासूबाई 27 तारखेला निघताहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, कोकम आणि निळा स्वेटर देते. काढ्याचा मसालाही देते. घरी उकळून पी, बाजारात जायच्या आधी.

3 डिसेंबरला दोन वर्षं होतील. बाबा रोज रात्री कालनिर्णयवर पेन्सिलने टिंब देतात, तुला कदाचित माहीत नसेल. गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत टाकू दिलं नाही त्यांनी. रविवारी तुझा फोन बंद झाल्यावर ते पेन्सिल घेऊन उभे राहिले आणि "देऊ ना?" म्हणाले. मी उत्तर न देता स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा टिंब दिलेलं होतं, नेहमीपेक्षा ठळक. सोमवारचंही त्यांनी दिलं.

आजचं मी दिलं.

तुझी,
आई